दौलतरावांच्या वहीतला सहावा रकाना

सुजातानगरात लोक सहज बोलून जात, "दौलतरावच्या वहीत नाव नसंल तर समजा मानूस जन्मलाच नाई." त्यावर दुसरा कोणीतरी भर घाली, "अन् एकदा नाव चढलं का मेल्यावरबी खोडत नाई तो." बोलण्यात थट्टा असे. पण दुसऱ्याच दिवशी हीच माणसं आपला नवा फोन नंबर कागदाच्या कपट्यावर लिहून दौलतरावांच्या ओट्यावर हजर होत.

आदिलाबादच्या कापूस बाजाराच्या मागे ही चार गल्ल्यांची वस्ती आहे. शिक्षक, कारकून, दवाखान्यातले कर्मचारी, अशी बौद्ध कुटुंबं तिथे राहतात. त्यांचे आईबाप दुसऱ्यांच्या शेतात राबले. आपल्या नावाचा कागद सरकारी दप्तरात असणं ही केवढी गोष्ट आहे, हे त्या पिढीनं पोरांना शिकवलं आणि दौलतरावांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. तहसिलीच्या दफ्तरखान्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. मिसल, म्हणजे प्रकरणाची फाईल, मागितली की डोळे मिटून कपाटाचा खण सांगणारा माणूस, असा त्यांचा लौकिक होता. निवृत्तीनंतर दफ्तरखाना सुटला, सवय सुटली नाही. वस्तीतल्या लोकांना दरवर्षी बसनं बौद्ध स्थळांच्या यात्रेला नेण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही सुरू केली.

त्या वहीत सहा रकाने होते. नाव, घर क्रमांक, फोन, रक्तगट, चालू औषधं आणि सहाव्यात आकडा. आकडा म्हणजे ज्याचा त्याचा पिन. फोनचा, आणि ज्यांच्याजवळ बँकेचं कार्ड होतं त्यांचा तोही. हैदराबादला नोकरी करणारी मुलं सणाला येत, म्हाताऱ्यांचे फोन लावून देत आणि परत जात. चार दिवसांत म्हातारी माणसं आकडा विसरत. मग दौलतरावांकडे यायचं, त्यांनी चष्मा लावायचा, रकान्यावरून बोट फिरवायचं आणि हळू आवाजात चार अंक सांगायचे. बारा वर्षांत त्यांनी एकाचा आकडा दुसऱ्याला सांगितला नव्हता. त्या हळू आवाजाचा त्यांना मोठा अभिमान होता.

यात्रेतल्या खुशालीचीही त्यांची एक रीत होती. प्रत्येक मुक्कामावरून ते एकच फोन करीत, विहाराशेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या मारोतीला. मारोती गिरणी थांबवून विहाराच्या कर्ण्यावरून वस्तीला सांगे, "बस जबलपूरले पोचली. सगळे खुशाल हायत. बयनाबाईचा गुडघा बरा हाय. लक्ष्मणरावनं सकाऊनची गोळी घेतली." पिठाच्या रांगेतल्या बायका ते ऐकून घरी जात. घराघरांत दौलतरावांचं नाव निघे. तीनशे कोसांवर बसलेल्या दौलतरावांना ते जणू ऐकू येत असे.

मागच्या वर्षी लक्ष्मणरावांच्या घरी सून आली. प्रगती. माहेर बेल्लमपल्लीचं, वडील खाणीत कामाला. ती आदिलाबादच्या एका शाळेत शिकवत होती. संक्रांतीच्या लांब सुट्टीत सारनाथ-बोधगयेची यात्रा ठरली, तेव्हा विहारातल्या बैठकीला तीही आली आणि पहिल्या अर्ध्या तासातच तिनं सगळ्यांचा एक ग्रुप तयार केला. बस कुठं आहे ते घरच्यांना नकाशावर दिसेल, म्हणाली. मग उभी राहून तिनं चार गोष्टी सांगितल्या. स्टेशनावरचं, लॉजवरचं फुकटचं वायफाय लावून बँकेचं काही उघडू नका. फोनवर आलेला ओटीपी पोटच्या पोरालाही सांगू नका. घर बंद आहे असं दिसणारे फोटो परत आल्यावर टाका.

"आणि कर्ण्यावरून कोण कोण गावाला गेलं ते सांगू नका," ती म्हणाली. "कोणतं घर रिकामं आहे त्याची यादीच ती."

दौलतराव म्हणाले, "बारा वर्सं सांगून राह्यलो. एक वाटी चोरीले नाई गेली."

"नशीब चांगलं होतं, मामाजी."

लोक हसले. बोलणं साधं होतं, पण दौलतरावांना बारा वर्षांचं काम एका शब्दात नशिबाच्या खात्यावर गेलेलं दिसलं. पुढे तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्या वडिलांचा फोन रेल्वेत हरवला होता. उचलणाऱ्यानं पहिल्याच प्रयत्नात तो उघडला आणि आठ दिवस त्यांच्या नावानं नातेवाइकांना निरोप पाठवले. "पिन काय होता म्हणता? एकोणीसशे छप्पन. मला वाटतं, या खोलीतल्या निम्म्या लोकांचा तोच असेल, आणि उरलेल्यांचा चौदा-शून्य-चार. आपल्या वस्तीत हे चोराला विचारावंसुद्धा लागत नाही. ते बदला."

दीक्षेचं साल आणि जयंतीची तारीख. दौलतरावांना न पाहताही सहावा रकाना डोळ्यांपुढे दिसला. अकरा जणांचा छप्पन, नऊ जणांचा चौदा एप्रिल. पोरगी वही न उघडता बरोबर बोलली होती, आणि नेमकं तेच त्यांना झोंबलं.

"म्हणजे आता बाबासाहेबाची तारीखबी काढून टाकाची," ते शांतपणे म्हणाले. "बरं हाय."

एवढंच. पण दफ्तरखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला कोणता कागद कुठं ठेवला की फाईल अडते, हे ठाऊक असतं. बैठक उठली तेव्हा चार-पाच जण पुटपुटत होते, "शिकेल पोरी, काय सांगाव त्याइले." त्या दिवशी कोणीही पिन बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रगती ओट्यावर आली. सोबत लक्ष्मणराव नव्हते, म्हणजे तिला चारचौघांत दौलतरावांना खाली पाहायला लावायचं नव्हतं.

"मामाजी, त्या वहीतला एक रकाना फाडून टाकता का? निदान प्रवासात नेऊ नका. वही हरवली तर?"

"एकतीस वर्सांत माह्या हातून चिठोरं नाई हरपलं, बाई."

"तुमच्यावर शंका नाही."

"मंग काऊन आली?"

ती ओट्यावरून उतरून गेली. आत भाकरी थापत असलेल्या रुक्माबाईंनी तिथूनच विचारलं, "अवो हर्षदीपचे बाबा, त्या वहीत सगळ्याइचे आकडे हायत. तुमचा कोठी हाय?"

दौलतरावांनी वही पिशवीत घातली. त्यांचा आकडा वहीत नव्हता. रुक्माबाईंनाही तो माहीत नव्हता.

बस निघाली. पैनगंगेचा पूल मागे पडला आणि रिवाजाप्रमाणे दौलतरावांनी पहिल्या सीटवरून उठून माणसं मोजली. अडतीस भरली. पण मोजताना अर्ध्या माना खाली होत्या. प्रगतीनं नकाशा कसा पाहायचा ते दाखवलं होतं आणि सगळे त्या निळ्या ठिपक्याकडे पाहत होते. नागपूरला जेवायला थांबले तेव्हा त्यांनी मारोतीला फोन लावला.

"हाव, माईत हाय," मारोती म्हणाला. मागे गिरणी चालू होती, ती त्यानं थांबवली नाही. "नागपुरात हायत ना तुमी? आताच पाह्यलं. माह्या नातीनं दाखोलं. ठिपका हालून राह्यला चांगला."

"सगळे खुशाल हायत."

"फोटू आले ना, मामा. वांग्याचं भरीत खाऊन राह्यले म्हनते सगळे."

दौलतरावांनी फोन ठेवला. जबलपूरच्या मुक्कामावरून त्यांनी तो केलाच नाही आणि कोणी विचारलंही नाही.

मत्सर हा शब्द त्यांनी स्वतःसाठी कधी वापरला नसता. त्यांना फक्त दिसत होतं. प्रगतीच्या सीटपाशी सतत कोणी ना कोणी उभं आहे, हे दिसत होतं. तिनं कोणाचा फोन हातात घेतला तरी पिन टाकायच्या वेळी ती मान वळवून खिडकीबाहेर पाहते, हेही दिसत होतं, आणि लोकांना त्याचं कौतुक वाटतं, हेही. बारा वर्षं त्यांनी ज्यांचे आकडे जिवापाड सांभाळले, त्यांना आता न पाहणारी माणसं आवडू लागली होती. सगळ्यांत खुपलं ते बयनाबाईंचं. शाळेतून आया म्हणून निवृत्त झालेल्या बयनाबाई दर यात्रेत त्यांच्या मागच्या सीटवर बसत, रस्ताभर सुपारी कातरत आणि दर तासाला विचारत, "दौलतराव, आता कोनतं गाव आलं?" मैहरच्या पुढे त्या उठून प्रगतीच्या शेजारी जाऊन बसल्या. "तिले गाव दिसते फोनात," त्या म्हणाल्या. "तुमाले इचारून इचारून तुमाले तरास."

"मले तरास काई नाई," दौलतराव म्हणाले. बयनाबाई तोवर गेल्या होत्या.

सारनाथच्या धर्मशाळेत तिसऱ्या दिवशी सकाळी पोचले. कडाक्याची थंडी होती. जेवणानंतर स्तूपाकडे जायचं, उन्हं उतरायच्या आत वंदना घ्यायची, असं ठरलं होतं. न्याहारीच्या वेळी बयनाबाईंचा फोन उघडेना. त्यांचा पिन नातवानं लावलेला होता, छप्पनही नाही आणि जयंतीही नाही. त्यांनी फोन प्रगतीपुढे धरला.

"हे तुम्हालाच माहीत असणार, आजी. दम घ्या, आठवेल."

बयनाबाईंनी दम घेतला. आठवलं नाही. मग त्या ताट बाजूला ठेवून अंगणभर चालत दौलतरावांकडे आल्या, सगळ्यांच्या देखत. दौलतरावांनी पिशवीतून वही काढली, चष्मा लावला, बोट फिरवलं आणि हळू आवाजात चार अंक सांगितले. फोन उघडला.

"पाहा," बयनाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नकाशात हे नाई दिसत."

अंगण हसलं. प्रगतीही हसली. दौलतरावांच्या छातीत काहीतरी ऊबदार पसरलं. तीन दिवसांनी. माणसानं तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

ते खोलीत जाऊन बसले. दफ्तरखान्यात एखादी यादी पक्की झाली की ती बाहेरच्या फळ्यावर लावत. फळ्यावर लागली म्हणजे ती सगळ्यांची झाली, आणि खाली सही ज्याची असे, त्याची कदर वाढे. दौलतरावांना फोन चालवता येत होता. येत नाही असं लोकांनी धरून चाललं होतं, एवढंच. तासभर खपून त्यांनी एक नवा ग्रुप केला. नाव दिलं, सुजातानगर यात्रा, अधिकृत. वही समोर ठेवून बाराही वर्षांचे नंबर एकेक करून चढवले. यंदाचे प्रवासी, मारोती, जुने आचारी, जुना ड्रायव्हर, जबलपूरच्या लॉजचा माणूस. वहीतून नाव गाळायची त्यांना सवयच नव्हती. प्रगतीचं नाव मात्र त्यांनी गाळलं.

मग वहीचं ताजं पान उघडून उजेडाकडे धरलं आणि फोटो काढला. सहाही रकाने स्वच्छ आले होते. खाली लिहिलं, "सर्वांच्या सोयीसाठी. यापुढे कोणी कोणाला विचारत बसू नये. दौलत." पाठवताना क्षणभर बोट अडलं. हळू आवाजाची आठवण झाली असेल. पण अंगणातून प्रगतीचा आवाज आला, ती बायकांना काहीतरी समजावत होती आणि बायका हसत होत्या. त्यांनी फोटो पाठवला.

पाऊण तासानं ती दारात उभी राहिली. हातात सासऱ्यांचा फोन होता. मागे लक्ष्मणराव.

"मामाजी, हा फोटो आधी काढून टाका. तुम्हालाच काढता येईल."

"लोकाइच्या सोयीसाठी हाय."

"यात लॉजवाला आहे. आचारी आहेत. हा कोण?" तिनं यादीतल्या एका नंबरावर बोट ठेवलं. नावाच्या जागी नुसते आकडे होते आणि चित्राच्या जागी कोणाचंतरी गुलाबाचं फूल.

"सात वर्सांमांगचा ड्रायव्हर. चांगला मानूस होता."

लक्ष्मणरावांनी तिथूनच तो नंबर लावला. पलीकडून एका तरुण माणसाचा आवाज आला, "कौन दौलत? नंबर तो चार साल से मेरा है." फोन कटला. थोड्याच वेळात त्या नंबरानं ग्रुप सोडल्याचं दिसलं. प्रगतीनं दौलतरावांच्याच फोनवर त्यांना फोटो कोणी कोणी पाहिला ती यादी उघडायला लावली. वीस मिनिटांपूर्वीच गुलाबाच्या फुलानं तो पाहिला होता.

दौलतरावांनी ती यादी दोनदा वाचली. दफ्तरात चार वर्षं जुनी नोंदही खरीच असते. फोनच्या नंबराखालचं माणूस बदलतं, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्यांनी फोटो काढून टाकला. पण पाहिलेलं काढता येत नाही, हे त्यांनाही कळत होतं.

त्या दुपारी स्तूपाकडे कोणी गेलं नाही. धर्मशाळेच्या लांब ओसरीत सगळे एकमेकांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले आणि पिन बदलू लागले. प्रगती एकेकापाशी वाकून कुठं दाबायचं ते सांगे आणि मान फिरवी. ज्यांच्याजवळ बँकेची कार्डं होती, त्या सहा जणांना घेऊन लक्ष्मणराव चौकातल्या एटीएमवर गेले. कोणी रागानं बोललं नाही. तेच वाईट होतं. बयनाबाईंनी नवा आकडा ठरवताना ओठ हलवले, मग सावध होऊन तोंडावर पदर धरला. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्या दौलतरावांपासून काहीतरी झाकत होत्या. पाचला स्तूपाचं फाटक बंद झालं. वंदना दुसऱ्या दिवशी सकाळी घाईघाईत उरकली आणि बोधगयेला पोचायला रात्र झाली.

नुकसान कोणाचंच झालं नाही. परतीच्या वाटेवर कोणी त्यांना टोचलं नाही. फक्त माणसं मोजायला ते उठले, तेव्हा लक्ष्मणराव म्हणाले, "बसा, बसा. झाली मोजून."

पंधरा दिवसांनी विहारात बैठक झाली. पुढच्या वर्षीची यात्रा कोणी न्यायची, हा विषय होता. तो आपल्यावाचून निघू नये म्हणून दौलतराव तापातही आले होते. रुक्माबाई शेजारी बसल्या होत्या. मारोतीनं गिरणी बंद ठेवली होती.

लक्ष्मणराव उठले. मनाचा मोठा माणूस. त्यांनी वाट काढूनच आणली होती. "सारनाथले जे झालं, ते चुकून झालं," ते म्हणाले. "दौलतराव सत्तरीले आले. मोबाईल म्हनजे आपल्या वयाले जडच जाते. कोनतं बटन दाबलं काय माईत, फोटू गेला. काऊन, दौलतराव, असंच झालं ना? यात्रा तुमीच न्या. फोनाचं काम तेवढं प्रगती पाहीन."

खोलीभर माना हलल्या. सगळ्यांना ते हवं होतं. प्रगतीनंही हळूच म्हटलं, "चूक कोणाकडूनही होते, मामाजी. मीसुद्धा त्या वेळी जरा पटकन बोलले."

रुक्माबाईंनी नवऱ्याला कोपर लावलं. "हाव म्हना," त्या पुटपुटल्या. "एक शब्द हाय."

एक शब्द होता. तो उच्चारला असता तर पहिली सीट होती, मोजणी होती, वही होती. दौलतरावांनी प्रगतीकडे पाहिलं. ती मान वळवून दुसरीकडे पाहत होती, एखाद्याला पिन टाकू देताना पाहावं तशी. तिचा तो सभ्यपणा त्यांना अजूनही सोसवत नव्हता. आणि अडाणी ठरून मिळालेली सीट तर त्याहूनही सोसवणार नव्हती.

ते बसल्या जागेवरूनच बोलले.

"चुकून नाई झालं, लक्ष्मणराव. मोबाईल मले येते. तुमी सगळे माह्या मांगून उठून हिच्यापाशी जाऊन बसले, ते मले पाहवलं नाई, म्हनून केलं. अन् खरं इचारान तर आजबी पाहवत नाई."